घाटमाथ्यावरचा बेडूक

"बेडकांच्या आवाजावरनं जागा सांगता म्हनं तुमी?" कुलदीपने दारातूनच विचारलं.

निवेदिता चाकणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दिसायला अगदी सारख्या बेडकांच्या जाती आवाजावरून वेगळ्या करणं, हे तिचं संशोधन. पण असा माणूस तिच्या प्रयोगशाळेत कधी आला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगात कंपनीचा चुरगळलेला शर्ट.

"बायको निघून गेलीय, मॅडम. पूनम. आळंदी, काळेवाडी, समदं पालथं घातलं. शिफ्टला बी गेलो न्हाई." त्याने सासूबाईंचा फोन पुढे केला. "ह्यो एवढाच मेसेज आलाय. 'आई, मी बरी हाय' म्हनती, मग नुसती बेडकं वरडत्यात. ती कुठली, तेवढं सांगा. पाया पडतो."

तो खरंच वाकला. निवेदिताची सहकारी अरुंधती खुर्ची घेऊन धावली.

"दोन जाती आहेत," निवेदिता म्हणाली. "शेजारी ठेवल्या तर मीसुद्धा फसेन. घाटमाथ्यावरची ओरडते ती तुटक. इकडच्या पाण्यातली सलग."

तिने मेसेज संगणकावर घेतला, कानांवर हेडफोन चढवला. गलक्यातून बेडकांचा आवाज वेगळा काढला. ऐकलं. पुन्हा ऐकलं.

कुलदीप टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. "जिती तर हाय न्हवं ती? मला तिच्याबिगर कोन हाय, मॅडम?" त्याने बाहीने डोळे पुसले. अरुंधतीच्याही डोळ्यांत पाणी आलं.

निवेदिताने आणखी दोन कळा दाबल्या आणि हेडफोन कानांवर घट्ट धरला. मग ती त्याच्याकडे वळली.

"घाटमाथ्यावरचा आहे. भीमाशंकरच्या बाजूला शोधा."

"लई उपकार झालं!" फोन उचलून तो धावतच जिना उतरला. खाली मोटारसायकल सुरू झाली.

अरुंधती पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा बघत होती. "अगं, हा सलग आवाज आहे! मोशीच्या खाणीच्या पाण्यात आपण टिपला होता, तोच. थांबव त्याला, बिचारा भलतीकडेच जाईल."

निवेदिता उठली नाही. तिने हेडफोन काढला आणि अरुंधतीच्या कानांवर ठेवला.

बेडूक आता काढून टाकलेले होते. त्यांच्याखाली दबलेली पूनमची कुजबुज तेवढी उरली होती.

"ह्यांना काय सांगू नको गं आई. ह्यांनी माझ्यासाठी पेट्रोल आणून ठेवलंय."