भाड्याचा सूट

माणसाच्या जिवाचं मोल करता येत नाही. महिन्यातून एका रविवारी हौशी मोटरसायकलवाल्यांना ट्रॅक खुला करून देणाऱ्या संयोजकांनी हे वाक्य फाटकावर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं. खाली बारीक अक्षरांत भाड्याचे दर होते.

तपासणीच्या टेबलापाशी शिंपीणबाई उभ्या होत्या. वय बेचाळीस, ट्रॅकवर यायची वेळ पहिली. वर्षभर साठवून त्यांनी हेल्मेट उत्तमातलं घेतलं, कारण डोकं काही शिवता येत नाही. चामड्याच्या सूटला मग पैसे उरले नाहीत. तो त्यांनी घरीच शिवला: कोपराला, गुडघ्याला दुहेरी चामडं, आत विकतचे पॅड, जोडाजोडाला तीन-तीन शिवणी.

तपासनिसाने हेल्मेट पास केलं. सूटची कॉलर उलटी करून पाहिली.

"लेबल कुठंय, मावशी?"

बाईंनी शिवणी दाखवल्या, ओढून बघा म्हणाल्या. तो म्हणाला, फॉर्मवर शिवणीचा रकाना नाही, लेबलचा आहे. आणि नवशिक्यांच्या बाबतीत तर तडजोडच नाही. शेजारच्या तंबूत भाड्याने सूट मिळतात. नको असेल तर घर आहेच, फी मात्र परत मिळत नाही.

बाईंनी भाडं भरलं. सूट हातात आला तशी त्यांनी काख उलटून पाहिली. काखेतली शिवण त्यांचीच होती. गेल्या महिन्यात संयोजकांचा माणूस असले दहा सूट गाठोडं बांधून दुकानात टाकून गेला होता, सोबत सुरक्षेचा क्रमांक छापलेल्या नव्या लेबलांची पट्टी. चामडं तडकलंय, टाका धरायचं नाही, असं बाईंनी त्याला बजावलं होतं. तो म्हणाला होता, तुम्ही शिवा हो, फक्त लेबलं सरळ लावा.

शिंपिणीच्या पिशवीत एक वेळ पाण्याची बाटली नसेल, सुईदोरा असतो. बाईंनी तपासनिसाच्याच टेबलावर भाड्याच्या सूटचं लेबल उसवलं आणि आपल्या सूटच्या अस्तराला शिवायला घेतलं. अख्खी रांग बघत होती. तपासनीसही बघत होता. दोरा तोडायला त्याने आपली कात्री पुढे केली.

मग त्याने लेबल वाचलं, आकडा फॉर्मवर उतरवला आणि त्यावर हिरवा स्टिकर डकवला.

"झालं की काम. उगाच चिडलात, मावशी."

"चिडायचं अजून बाकी आहे." बाईंनी भाड्याच्या सूटच्या काखेत दोन बोटं घातली आणि ओढली. चामडं जुन्या वहीच्या कागदासारखं फाटलं. "आता हा तपासा, साहेब."

साहेबांनी त्याची नीट घडी केली आणि तो तंबूत परत पाठवला. रांगेतल्या पुढच्या शाळामास्तरांकडे सूटच नव्हता, आणि त्यांच्या मापाचा तेवढाच शिल्लक होता. मास्तर भाडं भरून तो घेऊन आले तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरून काख दाखवली. मास्तरांनी काखेकडे पाहिलं, मग तपासनिसाकडे. त्यांच्या फॉर्मवर हिरवा स्टिकर केव्हाच लागला होता.

"भाड्याचे सूट तपासायचे नसतात," तपासनीस म्हणाला. "ते आमचेच आहेत."