देवीचं नाक

मुखेडजवळच्या त्या गावातल्या देवीचं नाक गेलेलं, एक हात तुटलेला. भंगलेली मूर्ती पुजू नये म्हणून दर वर्षी ती नदीत सोडायचं ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं. लातूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या विशाखाचा जीव त्या जुन्या दगडात अडकला होता. "असली मूर्ती पुन्हा मिळणार नाही हो," म्हणत ती पुजारी ग्यानोबांच्या हातापाया पडायची.

"काय ठिवलंय तिच्यात, म्याडम? यंदा सोडायचीच."

मग विशाखानं जिवाच्या आकांतानं शेवटचा उपाय केला. मूर्तीचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि तुटलेलं नाक, हात सगळं कॉम्प्युटरकडून अंदाजानं भरून घेतलं. ते चित्र बघून ग्यानोबांचे डोळे भरून आले.

"लई देखणी होती की वो आमची माय!"

देवी वाचली, असं वाटून विशाखानं सुटकेचा निःश्वास टाकला.

दोन महिन्यांनी गावानं तिला मानानं बोलावलं. देवळाच्या दारात मांडव, हलगीचा कडकडाट. आणि गाभाऱ्यात नवीकोरी संगमरवरी देवी. कॉम्प्युटरनं लावलेलं तेच नाक, तोच हात.

विशाखानं गाभाऱ्याचा कोपरान् कोपरा पाहिला. "मामा, जुनी देवी कुठंय?"

ग्यानोबांनी मानाचा नारळ तिच्या हातात ठेवला.

 

"सकाळीच वाजतगाजत डोहात सोडली. नव्या देवीचं तोंड कसं घडवावं, इतकी वर्सं एवढ्यावरच तर अडलं होतं, म्याडम."