मानेवरचा लाल ठिपका

कंपाउंडरने पिशवीतून बरणी काढली आणि घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली. बरणीत कोवळा पाला होता, पण झाकणाला बारीक भोकं पाडलेली होती. पाल्याला हवा कशाला लागते?

"दादा, आज नक्की कात टाकणार बघा," जाळीच्या पिंजऱ्यापाशी स्टूल ओढत कंपाउंडर म्हणाला. "दोन दिवस खात नाहीये म्हणालात ना? म्हणजे आज पंख फुटणार."

पिंजऱ्यात फांदीला नाकतोडा उलटा लटकला होता. तळहाताएवढा, पानासारखा हिरवा, अंगाच्या दुप्पट लांब मिशांचा. दुकानामागच्या या खोलीत घड्याळजींनी आजवर नाना तऱ्हेचे रातकिडे आणि नाकतोडे पाळले, पण असला एकही नव्हता. त्याला पंख फुटायची वेळ जन्मात एकदाच येणार होती. ती डोळ्यांनी पाहायची म्हणून घड्याळजी सव्वा महिना आस लावून बसले होते आणि कंपाउंडर दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता. किड्यांचा नाद असलेली ही दोनच डोकी. कंपाउंडरला तो नाद लावला घड्याळजींनीच.

पण मागच्या वर्षी मोठ्या रातकिड्यांची जोडी पिंजऱ्यातून नाहीशी झाली, आणि पुढे कंपाउंडरच्या घरी तशीच पिल्लं दिसली. "झाकण तुम्हीच उघडं टाकलं होतंत," असं घड्याळजींची बायको तेव्हापासून सांगत होती. घड्याळजींना ते काही पटत नव्हतं. म्हणून आज सकाळी त्यांनी तिच्याकडून नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि नाकतोड्याच्या मानेवर मोहरीएवढा लाल ठिपका दिला.

"तीस वर्षांत माझ्या नखांकडे कधी पाहिलं नाहीत," बायको म्हणाली होती. "आणि त्याचा एवढा साजशृंगार!"

दुकानाची घंटी वाजली. घड्याळजी नाइलाजाने बाहेर आले. काउंटरवर एक बाई हातातलं घड्याळ पुढे करून उभ्या होत्या.

"बंद पडलंय. पण माझ्यासमोरच उघडा हं. आतले भाग बदलतात म्हणे."

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात त्यांनी कुणाच्या घड्याळातला स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? त्यांनी मुकाट्याने डोळ्याला भिंग लावलं.

काम तासाभराच्या वर लांबलं. बाईंची नजर घड्याळजींच्या बोटांवरून हलेना. घड्याळजींचा एक डोळा घड्याळात आणि दुसरा अर्धवट उघड्या दारातून कंपाउंडरच्या पाठीवर. तो मघापासून दगडासारखा बसला होता. मग त्याचा उजवा हात हळूच पाठीमागे आला. मूठ उघडली, मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मुठीत काय लपवतोय हा? घड्याळजींचा जीव वरखाली होऊ लागला. पण सगळी चक्रं सुटी करून मांडलेली, समोर बाईंचा पहारा. जागचं उठायची सोय नव्हती.

घड्याळ एकदाचं टिकटिकलं. बाई दाराबाहेर पडतात न पडतात तोच घड्याळजी आत धावले. भिंग डोळ्याला तसंच होतं. त्यांनी जाळीला डोळा भिडवला. भिंगातून दिसायचं ते नखाएवढंच. नाकतोड्याची मान दिसली. फिकट हिरवी, स्वच्छ. ठिपका नव्हता.

"माझा किडा कुठाय?"

"हळू, दादा..."

"मला शहाणपण शिकवू नकोस! मी खूण केली होती त्याला. हा तो नव्हे. बरणी उघड आधी!"

 कंपाउंडरने बरणी उघडली आणि आतला पाला एकेक पान करून टेबलावर काढला. तळ दिसल्यावर बरणी उलटी करून दाखवली.

"भोकं आहेत ती पाला कोंदून कुजू नये म्हणून. आता भिंग काढा, दादा."

घड्याळजींनी भिंग काढलं. फांदीवर नाकतोडा होता, आणि त्याच्या पाठीवर दोन लांबसडक पंख. ओले, मऊ, शिरा न् शिरा उमटलेले. पूर्ण उलगडलेले. टाकलेली कात पायात धरून तो सावकाश खात होता. निम्मीअधिक खाऊन झाली होती, ठिपक्यासकट.

"हात मागे करून किती वेळ बोलावत होतो तुम्हाला," कंपाउंडर अगदी हळू आवाजात म्हणाला. "हाक मारायची भीती वाटली. दचकून पडला असता तर पंख जन्माचे वाकडे झाले असते."

घड्याळजी पंखांकडे पाहत होते. सव्वा महिना ज्याची वाट पाहिली, ते घडताना त्यांनी एका पाठीवर पहारा केला होता.

"कात टाकायच्या किड्यावर खूण टिकत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. विसरलात?"

"विसरलो."

"कधी केली होती खूण?"

"सकाळी."

"मी येणार म्हणून?"

शरमेने घड्याळजींचे कान तापले. हातातलं भिंग ते उगाच सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

कंपाउंडरने रिकामी बरणी पिशवीत घातली. पाला मात्र तसाच टेबलावर राहू दिला. खोलीचं मागचं दार जुनं होतं, जरा ढकललं की धाडकन लागायचं. बाहेर पडल्यावर त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि आवाज न करता, इंचाइंचाने ओढून घेतलं. पंख वाळायला अजून तासभर होता.