डावा पंख

पक्षाघातानंतर बाबांच्या मेंदूने जगाची डावी बाजूच पुसून टाकली होती. डोळे शाबूत होते, पण ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं, दाढी एकाच गालाची व्हायची. मुलीने सांगितलं की चिडायचे, "मला आंधळा समजतेस का?" शेवटी तिने त्यांचं अर्धवट राहिलेलं लाकडी विमान कपाटावरून काढलं. जन्मभर विमानदुरुस्ती केलेल्या बाबांनी उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा दिवा बसवला, शेपटीला पांढरा. "झालं! दाब बटण." लाल दिव्याचा डावा पंख रिकामाच होता. तिने बटण दाबलं. दोनच दिवे लागले. बाबांच्या कपाळाला आठी पडली. मान हळूहळू वळली, हिरव्या दिव्यापासून विमानाच्या नाकाकडे, तिथून पलीकडे, डाव्या टोकापर्यंत. "बाईसाहेब, लाल दिवा खाल्लात की काय? त्याच्याशिवाय विमान सोडलंय का मी कधी?" "चुकलंच माझं, बाबा," म्हणत तिने त्यांची चूक आनंदाने आपल्या नावावर घेतली.