उशीपासून उशीपर्यंत

"हे बंद करा," बाबा म्हणाले.

दुकानातल्या बाईंनी बटण दाबलं. कपाटाएवढं ते मशीन फुस्स करून गप्प झालं आणि मुलीचा चेहरा पडला. खोलीतली हवा ओढून, गाळून परत सोडणाऱ्या मशिनांची माहिती काढण्यात तिने तीन आठवडे घालवले होते, आणि सगळ्यांत वरचा नंबर याचा होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, मशीन बसवा, दम्याचा आणखी एक मोठा झटका तुमच्या आईला झेपायचा नाही.

"बाबा, बारीकातली बारीक धूळ पकडतं हो हे."

"पकडत असेल. पुढचं लावा."

मुलीने कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. बाबांनी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नव्हता.

बाबांनी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं गळत्या शोधल्या होत्या. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला. बाजूने ट्रक धडधडत जायचे, आणि हा माणूस सहा फूट खाली फुटलेल्या पाइपाची सुरसुर ऐकून खडूने फुली मारायचा. फुलीवर खणलं आणि पाणी लागलं नाही, असं एकतीस वर्षांत दोनदाच झालं. त्यातल्या दुसऱ्या वेळी चूक खणणाऱ्यांचीच होती, हे ते अजून कुणालाही पटवून द्यायला तयार असत. आईचं मात्र एक पालुपद ठरलेलं होतं: "यांना जमिनीखालचं ऐकू येतं. स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही."

दुसरं मशीन सुरू झालं. बाबांनी मान जराशी तिरकी केली.

"याचं बेअरिंग खराब होत चाललंय."

"अहो काका, कालच खोक्यातून काढलंय ते!"

"मग कालपासून होत चाललंय."

बाईंनी मशीनच्या पाठीला तळवा लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग त्यांनी ते बाजूला सरकवलं. त्यानंतर कागदावरचे गुण वाचून दाखवणंही त्यांनी सोडून दिलं.

तिसरं मशीन लहानसं होतं. "फिल्टर त्या मोठ्याचाच आहे," बाई म्हणाल्या. "पंखा फक्त हळू फिरतो. खोली साफ करायला त्याला अर्धा तास, याला दीड. पण तुमच्या खोलीला पुरून उरेल."

"दीड तर दीड. रात्र काय पळून जाते?" बाबांनी शर्टाच्या खिशातून सुतळीची गुंडाळी काढली. खिसा तरी फुगलेलाच राहिला. सुतळी त्यांनी जमिनीवर लांब पसरली. तिला मध्ये एक गाठ होती.

"हे आणि काय, बाबा? खोलीचं माप दिलंय मी त्यांना."

"खोलीचं दिलंस. हे टोक म्हणजे माझी उशी. ते टोक तुझ्या आईची. गाठीवर मशीन ठेवा, बाई. आणि तू जा, आईच्या जागी बस. नेहमीसारखा श्वास घे. मुद्दाम मोठा घेऊ नकोस, फसगत होईल."

मुलगी ओशाळून तिथल्या स्टुलावर बसली. बाईंनी, कुणी सांगितलं नसताना, दुकानातल्या त्या खोलीचं दार लावलं आणि छताचा पंखा बंद केला. बाबा आपल्या टोकाला खुर्चीत बसले, तिच्याकडे पाठ करून. मधोमध मशीन घुमायला लागलं.

थोड्या वेळाने बाबांच्या उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावरून वर उचललं गेलं आणि खाली आलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. हे काय चाललंय, ते मुलीला आधी कळेना. मग तिचं लक्ष स्वतःच्या छातीकडे गेलं. तिने श्वास घेतला की बोट वर जात होतं.

"येतंय ऐकू," बाबा पाठमोरेच म्हणाले. "झटका यायच्या आधी तुझ्या आईच्या श्वासाला बारीक शिट्टी लागते. तेवढ्यात तोंडात दम्याचा पंप मारला की टळतं. तिला कळतही नाही, अर्धवट झोपेतच घेते. त्या मोठ्या मशीनच्या आवाजात शिट्टी बुडाली असती."

"म्हणजे तुम्ही रोज रात्रभर जागता?"

"जागतो कुठे? चांगला झोपतो. कान तेवढा जागा असतो. चल, बोलू नकोस, अजून दोन मिनिटं बघू दे."

बोट पुन्हा वरखाली व्हायला लागलं. दोन वर्षांत आईला मोठा झटका आला नव्हता. नवीन औषधं लागू पडली, असं मुलगी सगळ्यांना सांगत आली होती. तिने त्या पाठीकडे पाहिलं, विरलेल्या कॉलरकडे पाहिलं, त्या बोटाकडे पाहिलं. असा माणूस आपला बाप आहे, याचं तिला एकदम इतकं अप्रूप वाटलं की तिचा श्वास तिथेच थांबला.

बोट हवेत राहिलं.

मुलीने डोळे पुसून मान वर करेपर्यंत खुर्ची कलंडली होती, सुतळी पायाखाली गोळा झाली होती, आणि बाबा पांढऱ्याफटक चेहऱ्याने तिच्यासमोर उभे होते. शर्टाचा खिसा रिकामा होता. हातात आईचा पंप होता, टोपण काढलेला.