बाबांचा चेहरा

‘खातेदाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर यावं. मुदत आज दुपारी चार. न आल्यास खातं रकमेसकट बंद.’

नेनादने मोबाईलची काच पँटला पुसली आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि खातेदार, म्हणजे त्याचे बाबा व्लास्तिमिर, अंगणात चुलीवरच्या भल्यामोठ्या पातेल्यात ऐवार, हिवाळ्यासाठीची गोड लाल मिरच्यांची चटणी, ढवळत उभे होते. झायेचार गावात सप्टेंबर म्हणजे लाल मिरच्यांचा महिना. आख्ख्या गल्लीत भाजलेल्या मिरच्यांचा वास कोंदला होता.

“दोन मिरच्या सोलल्या की मोबाईल, चार सोलल्या की मोबाईल!” आई म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. “हिवाळ्यात पावाला मोबाईलच लावून खा मग.”

नेनादने आणखी एक मिरची सोलायला घेतली.

खातं होतं ती पैजांची साइट बिटकॉइनवर चालायची. खेळताना तिने नाव-गाव काही विचारलं नव्हतं, तेच तर त्याला बरं वाटलं होतं. गावातल्या बेटिंगच्या दुकानात पाय ठेवला की संध्याकाळच्या आत घरी चहाडी पोचायची. तीन वर्षांपूर्वी याच बाबांनी त्याला तिथून बकोटीला धरून, चारचौघांत ओढत घरी आणलं होतं. इथे ओळखणारं कुणी नव्हतं. हँडबॉलच्या सामन्यावरची पैज लागली, रक्कम तिप्पट झाली, आणि काढायला गेला तेव्हा साइटने ओळखपत्र मागितलं. आपण नामानिराळं राहावं म्हणून नेनादने बाबांच्या ओळखपत्राचा फोटो पाठवून दिला. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला तो फोटो मोबाईलमध्ये होताच. अतिशहाणपणा नडला. आता त्यांना बाबा हवे होते, हलते-बोलते.

बरं, लावलेले पैसे तरी कसले? वरच्या मजल्याच्या छपरासाठी बाबांनीच दिलेले. थंडीच्या आत छप्पर चढवायचं आणि नेनाद, त्याची बायको स्लाजाना आणि छोटी असं तिघांनी वर राहायला जायचं ठरलं होतं. पुन्हा पैज लावलीस तर पोरीला घेऊन माहेरी जाईन, असं स्लाजानाने बजावून ठेवलं होतं. ती बोलते ते करते. रोज मिस्त्री कधी येणार म्हणून विचारायची, आणि रोज नेनाद नवी सबब सांगायचा.

साडेतीन वाजले तेव्हा तो उठला.

“बाबा, जरा आत येता?”

“अन् हे कोण ढवळणार, तुझा काका?”

“बाबा, पाया पडतो तुमच्या. या.”

काहीतरी बिनसलंय हे त्यांना आवाजावरूनच कळलं. त्यांनी लाकडी पळा आईच्या हातात दिला आणि ते आत आले. नेनादने दार लावलं आणि सगळं भडाभडा ओकून टाकलं. मग तो मान खाली घालून उभा राहिला. आता कानाखाली बसणार, अशी त्याची खात्री होती.

कानाखाली बसली नाही. “साइट कुठली?” एवढंच बाबांनी विचारलं.

नेनादने नाव सांगितलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते खुर्चीत बसले आणि फडक्याने हात पुसत राहिले.

“मी नाही येणार कॅमेऱ्यासमोर.”

“दोन मिनिटांचं काम आहे, बाबा.”

“दुसरं काय वाटेल ते सांग. हे नको.”

“मग स्लाजानाला काय सांगू? ती पोरीला घेऊन जाईल. माझं घर बसेल, बाबा!” पस्तिशीचा बाप्या, पण बोलता बोलता रडायला लागला.

बाबांनी खिडकीतून अंगणात पाहिलं. आई चुलीच्या धुराला बोल लावत, कपाळाचा घाम मनगटाने पुसत ढवळत होती. ते खुर्चीतून उठले.

“आण तो मोबाईल.”

ते उजेडाला जाऊन उभे राहिले. टोपी काढली, चष्मा काढला. डावीकडे वळा, असं नेनाद सांगणार तोच ते वळले होते. मग उजवीकडे, मग वर. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, शिस्त अंगात मुरलेली, असं नेनादला वाटलं.

चार वाजायला आठ मिनिटं होती. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं आणि थांबलं.

‘या चेहऱ्याच्या व्यक्तीचं आमच्याकडे आधीपासून एक खातं आहे. एका व्यक्तीस एकच खातं. नियमभंगामुळे दोन्ही खाती शिलकेसकट कायमची बंद.’

“चोर लेकाचे!” नेनाद ओरडला. “पैसे बुडवायला काहीही बहाणा! म्हणे बाबांचं खातं! अरे, ज्या माणसाने जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही... थांबा, तक्रारच लिहितो. मशीन चुकलंय म्हणून सांगतो.” त्याची बोटं काचेवर धडाधड चालायला लागली.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“लिहू नकोस, बाळा,” ते हळूच म्हणाले. “मशीन चुकलं नाही. हे घर मी गहाण टाकलंय. सोडवायचे पैसे माझ्या त्या खात्यात होते.”