एकच बेडूक

"बाई, हा एकच बेडूक दोनदा छापायचा विचार आहे का?" फोनवर शोधपत्रिकेचे संपादक डॉ. बिवलकर विचारत होते. "एक फोटो डोंगरमाथ्याच्या कातळसड्यावरच्या डबक्यातला, दुसरा पायथ्याच्या तळ्यातला, असं तुम्ही लिहिलंय. पाठीवरचे ठिपके मात्र हुबेहूब तेच. लेख नाकारण्याआधी लेखकाला विचारायचं, हा आमचा नियम."

रेवाचा हा पहिलाच शोधनिबंध, आणि त्यावर लबाडीचा शिक्का! एकच फोटो चुकून दोनदा चिकटवला की काय? तिने घाईघाईने मूळ फोटो उघडले. ठिपके नीट दिसावेत म्हणून लेखात तिने नुसत्या पाठी कापून लावल्या होत्या. मूळ फोटोंत एका बेडकाखाली काळा कातळ होता, दुसऱ्याखाली तळ्याची शेवाळलेली पायरी.

"सर, फोटो दोन आहेत," ती जवळजवळ ओरडलीच, "बेडूक एक आहे! दोघांचे ठिपके कधी सारखे नसतात. हा पठ्ठ्या सडा उतरून खाली आलाय. मूळ फोटो पाठवते, बघा."

फोटो पोचले. पलीकडे ठिपके पुन्हा ताडून झाले. मग डॉक्टर खो खो हसू लागले.

"अहो, या जातीचा बेडूक जन्मभर आपलं डबकं सोडत नाही, असं मीच पुस्तकात लिहून बसलोय! आता तुमचा लेख मी तपासणं बरं नव्हे. दुसऱ्या संपादकांकडे देतो."

"आणि सर, तुमच्या पुस्तकाचं?"

"बिवलकर चुकले, असं सरळ लिहा. बेडूक सडा उतरला, मी त्याच्यामागे कधी खाली उतरलोच नाही!"